एज्यु ड्रायव्हरमधले डेडलॉक सोडवताना: कामाच्या नोंदी

१२ जुलै २०२५

ऑफिसात ज्या ड्रायव्हरवर काम करते त्याचा कोड बाहेर दाखवता येत नाही. पण त्यात लॉकिंगचे (सामायिक गोष्ट एका वेळी एकानेच वापरावी म्हणून लॉक लावण्याचे) जे प्रकार भोगले, मुख्यतः डेडलॉक (एकमेकांची वाट बघत कायमचं अडकणं), ते कोणालाही घरी बसून करून बघता यावेत असं काहीतरी हवं होतं, म्हणून हा उद्योग. क्यूईएमयूमध्ये (खोटा संगणक, म्हणजे व्हीएम, चालवणारा प्रोग्राम) 'एज्यु' नावाचं एक खोटं पीसीआय कार्ड आहे, मासारिक विद्यापीठातल्या कोर्ससाठी बनवलेलं, ड्रायव्हर लिहायला शिकणाऱ्यांसाठीच. ते फॅक्टोरियल काढतं आणि झालं की इंटरप्ट (सीपीयूला हातातलं काम थांबवायला लावणारी हाक) देतं. शिवाय डीएमए (सीपीयूला मध्ये न घेता मेमरीतून थेट ने-आण) करतं, त्याच्याकडे ४ केबीचा बफर आहे, आणि डीएमए छोटा असो की मोठा, प्रत्येकाला मुद्दाम १०० मिलिसेकंद लावतं. हे १०० मिलिसेकंद लक्षात ठेवा, पुढे सगळं त्यावरच येणारे.

आज फक्त सेटअप. लिनक्सचा कर्नल (सिस्टिमचा गाभा) ६.१२, डिफॉल्ट कॉन्फिगवर केव्हीएम गेस्टचा (व्हीएमसाठीच्या सेटिंगचा) तुकडा जोडून. दोन वेगळे कर्नल बांधले, एक साधा आणि एक डीबगचा. डीबगवाल्यात प्रूव्ह लॉकिंग (लॉक चुकीचे घेतले तर तक्रार करणारं 'लॉकडेप' यातूनच येतं), डीबग ॲटॉमिक स्लीप, लॉक स्टॅट, हंग टास्क आणि सॉफ्ट लॉकअप डिटेक्टर असं सगळं चालू. चार कोअरच्या जुन्या लॅपटॉपवर एक बिल्ड अर्धा-पाऊण तास खातो, आणि डीबग इन्फोमुळे डिरेक्टरी इतकी फुगली की डिस्क भरली आणि बिल्ड शेवटच्या लिंकिंगला येऊन मेला. बाहेरची एसएसडी आणली, चारेक हजार गेले. तुम्ही आधीच जागा बघून घ्या.

व्हीएमला चार सीपीयू द्या. एका सीपीयूवर दोन प्रोसेसचे खरे सामने होतच नाहीत, आणि कर्नल एसएमपीशिवाय (अनेक सीपीयूंच्या सोयीशिवाय) बांधला असेल तर स्पिनलॉक (मिळेपर्यंत जागच्या जागी फिरत राहायला लावणारा लॉक) म्हणजे नुसतं प्रीएम्प्शन (मध्येच दुसऱ्याला सीपीयू देणं) बंद करणं उरतं, म्हणजे बग असूनही सगळं मस्त चाललंय असं वाटत राहतं. मॉड्यूल (ड्रायव्हरची फाइल) ९पी शेअरवर (लॅपटॉप आणि व्हीएम दोघांना दिसणारं फोल्डर) ठेवलाय, त्यामुळे दर बदलाला इमेज नव्याने बांधायची गरज नाही.

१३ जुलै

पहिला हँग, आणि तो डेडलॉक नव्हताच. आयओक्टल (प्रोग्रामने ड्रायव्हरला काम सांगायचा कॉल) फॅक्टोरियलचा आकडा लिहितो, कम्प्लीशनवर ('काम झालं' या खुणेची वाट बघत) झोपतो, आणि उठतच नाही. अर्धा दिवस लॉक तपासले, एकेक लॉक काढून बघितला, तरी तेच. शेवटी प्रॉक इंटरप्ट्समध्ये (इंटरप्टचे आकडे दाखवणारी कर्नलची फाइल) बघितलं तर आमच्या ओळीत शून्य, म्हणजे इंटरप्ट येतच नव्हता. पीसीआय_सेट_मास्टर राहिलं होतं. एमएसआय इंटरप्ट म्हणजे कार्डाने स्वतः बसवर केलेलं लिखाण असतं, कार्डाला बस मास्टर व्हायची परवानगी नसेल तर ते लिखाण हवेत विरतं आणि कुठेही एरर येत नाही.

उलटा प्रकारही करून बघितला. एमएसआय बंद करून जुना लेव्हल इंटरप्ट (पोच मिळेपर्यंत लाइन वर ठेवणारा) घेतला आणि हँडलरमधून (इंटरप्ट आला की चालणारं फंक्शन) हेक्स ६४ च्या रजिस्टरला ॲक, म्हणजे पोच, देणं काढून टाकलं. लाइन वरच राहते, हँडलर संपला की परत येतो, संपला की परत येतो, एक सीपीयू त्यातच अडकतो आणि बाहेरून अगदी डेडलॉकसारखं दिसतं. हँडलर 'माझा नाही' असं सांगत असेल तर शेवटच्या १,००,००० पैकी ९९,९०० वेळा कोणीच इंटरप्ट घेतला नाही हे बघून कर्नल ती लाइन बंद करतो. आमचा हँडलर न बघताच 'हँडल्ड' म्हणायचा, त्यामुळे ते संरक्षणही गेलं.

तेव्हा कुठलाही हँग आला की मी आता आधी इंटरप्टचे आकडे बघते आणि मग लॉककडे वळते.

१९ जुलै

आज खरा डेडलॉक. डिव्हाइसच्या स्ट्रक्चरला एक स्पिनलॉक, आयओक्टलमध्ये साधा स्पिन_लॉक, हँडलरमध्येही तोच. चार प्रोसेस लूपमध्ये फॅक्टोरियल मागतायत. साध्या कर्नलवर काही मिनिटं चाललं आणि थिजलं.

वीसेक सेकंदांनी सॉफ्ट लॉकअपचे (सीपीयू बराच वेळ एकाच कामात अडकल्याचे) मेसेज यायला लागले, त्यात एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. मेसेज आले सीपीयू शून्य आणि तीनचे, आणि त्यांच्या स्टॅकमध्ये (कोणी कोणाला बोलावलं याची यादी) दोघंही आयओक्टलमध्ये स्पिनलॉकसाठी थांबलेले. मी तासभर त्या दोघांचाच कोड वाचत बसले. चोर सोडून संन्याशाला फाशी. सॉफ्ट लॉकअप ओळखायला त्या सीपीयूवर टायमरचा इंटरप्ट यावा लागतो, आणि खरा अडकलेला सीपीयू इंटरप्ट बंद ठेवून हँडलरच्या आत फिरत होता, त्यामुळे तो स्वतःबद्दल काहीच बोलू शकत नव्हता. बोलत होते ते त्याच्यामुळे अडकलेले. मागोमाग आरसीयू स्टॉलचा मेसेज आला (हाही अडकलेल्या सीपीयूचाच इशारा, त्याची डिफॉल्ट मुदत २१ सेकंद) आणि त्यात या दोघांहून वेगळ्याच सीपीयूचा नंबर.

मग क्यूईएमयूला जीडीबी (डीबगर) जोडला, कर्नल नोकेएएसएलआर (पत्ते दर वेळी बदलू नको हा पर्याय) देऊन चालू केलेला असला म्हणजे पत्ते नीट जुळतात. जीडीबीला प्रत्येक व्हर्च्युअल सीपीयू एक थ्रेड म्हणून दिसतो, त्या सीपीयूचा बॅकट्रेस घेतला आणि एकाच स्टॅकमध्ये सगळी गोष्ट सापडली: खाली आमचा आयओक्टल लॉक धरून बसलेला, त्याच्या डोक्यावर इंटरप्ट, आणि इंटरप्टमध्ये आमचाच हँडलर त्याच लॉकसाठी फिरतोय. आयओक्टल पुढे गेल्याशिवाय लॉक सुटणार नाही, आणि हँडलर संपल्याशिवाय आयओक्टल पुढे जाणार नाही.

हमखास घडवायचं असेल तर प्रॉक इंटरप्ट्समध्ये इंटरप्ट कुठल्या सीपीयूवर येतोय ते बघा आणि टेस्ट प्रोग्राम टास्कसेटने त्याच सीपीयूला बांधा. मिनिटांचं काम क्षणात होतं.

दुरुस्ती सगळ्यांना माहितीच असते, आयओक्टलच्या बाजूला स्पिन_लॉक_आयआरक्यूसेव्ह (लॉक घेताना त्या सीपीयूचे इंटरप्ट बंद करतो, सोडताना आधी होते तसे करतो). 'सेव्ह' नसलेला प्रकार का नको, तर त्याचा अनलॉक इंटरप्ट सरसकट चालू करतो. उद्या हेच फंक्शन कोणी आधीच इंटरप्ट बंद असताना बोलावलं तर त्याच्या हातातलं छत्र आपण काढून घेतो, आणि तो बग भलतीकडेच कुठेतरी फुटतो.

हे सगळं झाल्यावर जुना कोड डीबग कर्नलवर चालवला. पहिल्याच इंटरप्टला लॉकडेपने 'इनकन्सिस्टंट लॉक स्टेट' छापलं, हँग वगैरे काही न होता. लॉकडेपला अपघात बघावा लागत नाही. हा लॉक एकदा इंटरप्ट चालू असताना घेतला गेला आणि एकदा हार्ड इंटरप्टच्या आत घेतला गेला, एवढं वेगवेगळ्या वेळी दिसलं तरी त्याला पुरतं. २००६ पासून, म्हणजे २.६.१८ पासून हे कर्नलमध्ये आहे, आणि तरी आधी साध्या कर्नलवर हँगची वाट बघायची खोड जात नाही. पुढच्या सगळ्या नोंदींमध्ये आधी डीबग कर्नल, मग साधा.

२० जुलै

छोटी नोंद. लॉक धरून पीआर_इन्फो (कर्नलच्या लॉगमध्ये ओळ छापणं) करू नका. क्यूईएमयूत फारसं जाणवत नाही पण खऱ्या बोर्डावर सिरियल कन्सोल ११५२०० बॉडवर असेल तर सेकंदाला ११,५२० अक्षरं जातात, म्हणजे ८० अक्षरांच्या एका ओळीला ७ मिलिसेकंद, आणि ते इंटरप्ट बंद असताना. वर टायमिंग बदलल्यामुळे शोधत असलेला बग गायब होतो आणि तुम्हाला वाटतं दुरुस्त झाला. ट्रेस_प्रिंटके वापरा, ते मेमरीतल्या रिंग बफरमध्ये लिहितं.

२६ जुलै

डीएमएचा आयओक्टल लिहिला. युजरकडून डेटा घेणं, कार्डाला पत्ता देणं, झाल्यावर परत देणं. डीएमए मास्क (कार्ड कुठवरच्या पत्त्यांपर्यंत पोहोचतं ती मर्यादा) २८ बिट्सचा लावायला विसरू नका, एज्यु त्यापलीकडचा पत्ता कापून टाकतं आणि भलत्याच जागी लिहितं.

मी सगळं त्याच स्पिनलॉकच्या आत ठेवलं होतं, कॉपी_फ्रॉम_युजरसकट. डीबग कर्नलने लगेच 'स्लीपिंग फंक्शन कॉल्ड फ्रॉम इनव्हॅलिड काँटेक्स्ट' म्हणून झापलं, बरोबरच आहे, युजरचं पान मेमरीत नसेल तर ते आणेपर्यंत झोपावं लागतं आणि स्पिनलॉक धरून झोपता येत नाही.

तेव्हा वाटलं स्पिनलॉकच काढू, सगळीकडे म्युटेक्स (थांबताना झोपू देणारा लॉक) लावू. हार्ड इंटरप्टमध्ये म्युटेक्स घेता येत नाही, म्हणून हँडलर थ्रेडेड केला, म्हणजे झोपू शकणाऱ्या वेगळ्या थ्रेडमध्ये चालणारा. आगीतून फुफाट्यात. पहिलाच डीएमए लटकला आणि लॉकडेप एकदम गप्प. एक अक्षर नाही.

हे गप्प राहणं मला जास्त महागात पडलं, कारण एव्हाना 'लॉकडेप बोललं नाही म्हणजे लॉकिंग ठीक' अशी खात्री बसली होती. अख्खी दुपार डीएमएची रजिस्टरं तपासण्यात गेली. मग सिसआरक्यू (कर्नलला थेट द्यायचे एकाक्षरी आदेश) डब्ल्यू दिलं, म्हणजे अडकून झोपलेल्या सगळ्या टास्कचे स्टॅक. क्यूईएमयू टर्मिनलमध्ये चालू असेल तर कंट्रोल-ए, मग बी, मग डब्ल्यू. शेल जिवंत असेल तर सिसआरक्यू-ट्रिगर फाइलमध्ये डब्ल्यू लिहिलं तरी चालतं. दोन टास्क निघाल्या. आमचा टेस्ट प्रोग्राम वेट_फॉर_कम्प्लीशनमध्ये, आणि एज्युचा इंटरप्ट थ्रेड म्युटेक्स_लॉकमध्ये. सिसआरक्यू डी दिलं तर कोणाकडे कुठला लॉक आहे ते छापून येतं, म्युटेक्स टेस्ट प्रोग्रामकडे. आयओक्टल म्युटेक्स धरून कम्प्लीशनची वाट बघतोय, आणि कम्प्लीशन देणारा थ्रेड आधी आकडेवारी लिहायला तोच म्युटेक्स मागतोय.

लॉकडेपला हे का दिसत नाही? म्युटेक्सला मालक असतो, कम्प्लीशनला नसतो, ते कोण 'देणार' आहे हे आधी कळायला मार्ग नाही. ४.१४ मध्ये यासाठी क्रॉस-रिलीज नावाची सोय घातली होती, तिने इतक्या खोट्या तक्रारी केल्या की ४.१५ मध्ये काढून टाकली. म्हणजे कम्प्लीशन, वेट क्यू असल्या गोष्टींसाठी डोळे आपलेच.

दुरुस्ती: हँडलर पुन्हा साधा केला. तो एक छोटा स्पिनलॉक घेऊन स्टेटस लिहून ठेवतो, कम्प्लीट म्हणतो आणि निघतो. आकडेवारीचं काम उठलेला आयओक्टल करतो. हंग टास्कची (अडकून झोपलेली टास्क कळवणाऱ्या डिटेक्टरची) मुदत डिफॉल्ट १२० सेकंद असते, टेस्टसाठी २० केली, नाहीतर प्रत्येक वेळी दोन मिनिटं भिंतीकडे बघत बसावं लागतं. म्युटेक्सही इंटरप्टिबल प्रकारचा घेतला, म्हणजे लॉकच्या रांगेत असलेले टेस्ट प्रोग्राम कंट्रोल-सीने मरतात आणि दर वेळी व्हीएम पाडावी लागत नाही.

टाइमआउटबद्दल सावध. 'वेट_फॉर_कम्प्लीशन_टाइमआउट लाव, हँग जाईल' असा सल्ला सर्रास मिळतो. हँग जातो, पण टाइमआउट झाला म्हणजे कार्ड थांबलं असं नाही. मी टाइमआउट मुद्दाम ५० मिलिसेकंद ठेवून बघितला. पहिली विनंती टाइमआउट होऊन बफर सोडून देते, कार्ड अजून त्याच बफरमध्ये लिहितंय, आणि उशिरा आलेला इंटरप्ट दुसऱ्याच विनंतीचं कम्प्लीशन देऊन टाकतो. दुसऱ्याला वाटतं आपलं काम झालं, हातात कचरा. डेडलॉक परवडला, निदान दिसतो तरी. शेवटी टाइमआउट २ सेकंद ठेवला, झाला तर डिव्हाइसला 'बिघडलेलं' असा शिक्का मारायचा, बफर सोडायचा नाही आणि पुढच्या सगळ्या विनंत्यांना एरर द्यायची.

२ ऑगस्ट

डीएमएचा बफर युजरला थेट एममॅप करून (प्रोग्रामच्या स्वतःच्या मेमरीत दिसेल असा) द्यायची सोय घातली. एममॅप हँडलरमध्ये डिव्हाइसचा म्युटेक्स घेतला, बफर तयार आहे का बघायला. लॉकडेप: 'पॉसिबल सर्क्युलर लॉकिंग डिपेंडन्सी डिटेक्टेड'.

हा रिपोर्ट पहिल्यांदा बघणाऱ्याची घाबरगुंडी उडते, पानभर स्टॅक असतात. मी वाचते ते असं: आधी सरळ खाली जाऊन सीपीयू शून्य आणि सीपीयू एकचं दोन रकान्यांचं छोटं चित्र शोधायचं, त्यावरून कुठले दोन लॉक उलटसुलट घेतलेत ते कळतं. मग वर येऊन साखळीतला क्रमांक एकचा स्टॅक वाचायचा. क्रमांक शून्य म्हणजे आत्ता घडलेलं, ते आपल्याला बहुतेक माहीत असतं, एक म्हणजे जुनी नोंद, जी आपण विसरलेलो असतो.

आमच्याकडे जुनी नोंद रीडमधली निघाली. तिथे म्युटेक्स धरून कॉपी_टू_युजर होतं. त्यात पेज फॉल्ट होऊ शकतो, फॉल्टला एममॅप_लॉक लागतो (प्रोसेसच्या मेमरीच्या नकाशाचा लॉक, ५.८ च्या आधी याचंच नाव एममॅप_सेम होतं). म्हणजे रीडचा क्रम म्युटेक्स मग एममॅप_लॉक. एममॅप हँडलर मात्र कर्नल एममॅप_लॉक घेऊनच बोलावतो आणि आत आम्ही म्युटेक्स मागतो. त्याच प्रोसेसच्या दोन थ्रेडनी एकाच वेळी हे केलं की संपलं.

प्रत्यक्षात हँग घडवायचा खूप प्रयत्न केला, जमलं नाही. ६.४ पासून बरेचसे फॉल्ट व्हीएमएच्या (त्या नकाशातला एक तुकडा) स्वतःच्या लॉकवर भागतात आणि एममॅप_लॉकपर्यंत जातच नाहीत, त्यामुळे खिडकी फार लहान झालीये. एका मित्राचं म्हणणं, घडतच नाही तर कशाला हात लावतेस. मला पटलं नाही, बारीक खिडकीचा बग सगळ्यात वाईट, तो टेबलावर कधीच दिसत नाही आणि ग्राहकाकडे बरोबर दिसतो. रीड बदललं: म्युटेक्स धरून डेटा कर्नलच्या तात्पुरत्या बफरमध्ये घ्यायचा, म्युटेक्स सोडायचा, मग युजरला कॉपी. एक जास्तीची मेमकॉपी झाली, ४ केबीची. १०० मिलिसेकंदांच्या डीएमएपुढे तिला कोण विचारतो.

एक सूचना: लॉकडेप पहिली तक्रार केली की स्वतःला बंद करून घेतं. त्यानंतर दोन तास टेस्ट चालवून 'आता काही येत नाही' म्हणाल तर काही अर्थ नाही. तक्रार आली की व्हीएम रीबूट.

१० ऑगस्ट

दर सेकंदाला कार्ड जिवंत आहे का बघणारं डिलेड वर्क (कर्नलने थोड्या वेळाने चालवायचं काम) आहे, ते हेक्स ०४ रजिस्टरमध्ये एक आकडा लिहितं आणि त्याचे बिट उलटे होऊन परत येतात का बघतं, म्युटेक्स धरून. आणि रिमूव्हमध्ये (कार्ड ड्रायव्हरपासून सुटताना चालणारं फंक्शन) म्युटेक्स घेऊन कॅन्सल_डिलेड_वर्क_सिंक. 'सिंक' म्हणजे चालू असलेलं वर्क संपेपर्यंत थांबणं, आणि चालू असलेलं वर्क म्युटेक्ससाठी थांबलेलं.

इथे मात्र लॉकडेप बोललं, वर्कक्यूसाठी (अशा कामांची रांग) कर्नलने खास खुणा करून ठेवल्या आहेत, रिपोर्टमध्ये वर्क_कम्प्लीशन असं कंसात लॉकसारखंच दिसतं, आपण असा लॉक कुठे घेतला म्हणून शोधत बसू नका.

फाइल उघडी असताना आरएममॉड (मॉड्यूल काढणं) करता येत नाही, मॉड्यूल वापरात असतो, म्हणून टेस्ट करायला सिसएफएसमधून (कर्नलची माहिती आणि सेटिंग दाखवणाऱ्या फाइली) अनबाइंड करा, म्हणजे ड्रायव्हर कार्डापासून सोडवा, ते काही विचारत नाही. दुरुस्ती: म्युटेक्स धरून फक्त 'बंद होतोय' ही खूण करायची, सोडायचा, आणि मग बाहेर येऊन कॅन्सल. फ्री_आयआरक्यूलाही हेच लागू, तेही चालू हँडलर संपायची वाट बघतं.

आज ड्रायव्हरच्या फाइलीत सगळ्यात वर कॉमेंट लिहून टाकली: कुठला लॉक कुठल्या फील्ड राखतो, कुठल्या क्रमाने घ्यायचे, आणि कुठला लॉक धरून कशाची वाट बघायची नाही. आतापर्यंतच्या चारही डेडलॉकमध्ये हेच होतं, लॉक हातात ठेवून दुसऱ्या कोणाची तरी वाट बघणं, कधी इंटरप्टची, कधी पानाची, कधी वर्कची. दोन लॉक उलटसुलट घेतल्याचं पुस्तकातलं उदाहरण अजून एकदाही सरळ रूपात भेटलेलं नाही.

१५ ऑगस्ट

भेटलं. आज दोन एज्यु कार्डं लावली आणि एकातून दुसऱ्यात कॉपी करायचा आयओक्टल घातला. पहिल्याचा म्युटेक्स, मग दुसऱ्याचा. लॉकडेप म्हणालं 'पॉसिबल रिकर्सिव्ह लॉकिंग'. लॉक दोन आहेत, पण लॉकडेप एकेका लॉकचा हिशोब ठेवत नाही, वर्गाचा ठेवतं, आणि प्रोबमधल्या (कार्ड सापडल्यावर चालणारं फंक्शन) एकाच ओळीत इनिशियलाइझ झालेले सगळे म्युटेक्स त्याच्या लेखी एकाच वर्गाचे.

कोणालाही विचारा, दुसरा लॉक म्युटेक्स_लॉक_नेस्टेडने घे, असंच सांगतात. घेतला, तक्रार बंद. मग एक टेस्ट अ मधून ब मध्ये आणि दुसरी ब मधून अ मध्ये कॉपी करत चालू केली, चहा ठेवून येईपर्यंत दोन्ही लटकल्या होत्या. नेस्टेड म्हणजे आपण लॉकडेपला दिलेलं वचन आहे की क्रम आम्ही सांभाळलाय. ते वचन तपासत नाही, विश्वास ठेवतं. आधी तक्रार खरी होती आणि मी तिचं तोंड दाबलं.

आता दोन पॉइंटरपैकी लहान पत्त्याचा म्युटेक्स आधी, मोठ्याचा नंतर, कोण स्रोत आणि कोण लक्ष्य याच्याशी संबंध नाही. दोन्ही एकच डिव्हाइस असेल तर आधीच एरर देऊन परत, तो प्रकार राहिला होता आणि तो खरोखरच रिकर्सिव्ह होता. क्रम लावल्यानंतरच नेस्टेड ठेवला.

७ सप्टेंबर

गणपतीमुळे खंड. काल विसर्जन झालं, आज परत बसले. डेडलॉक संपले, आता ड्रायव्हर बरोबर चालतो पण रडत चालतो. चार प्रोसेस डीएमए करत असताना सिसएफएसमधली साधी आकडेवारी कॅट केली तरी डोळ्यांना दिसेल इतका उशीर.

लॉक स्टॅट (लॉकवर किती वेळ जातो ते मोजणारी सोय) चालू केलं, टेस्ट चालवली, बंद केलं, प्रॉकमधली लॉक_स्टॅट फाइल वाचली. आकडे मायक्रोसेकंदात असतात. आमच्या म्युटेक्सचा सरासरी होल्ड टाइम १,००,००० च्या जरा वर, जास्तीत जास्त वेट टाइम चार लाखांच्या आसपास. पहिला आकडा म्हणजे सरळ डीएमएचे १०० मिलिसेकंद, आम्ही म्युटेक्स धरून अख्खा डीएमए काढतो. दुसरा म्हणजे पुढे चार जण असताना आकडेवारी वाचणाऱ्याने काढलेली रांग.

फाइल वाचताना नवखे लोक 'कंटेन्शन्स'चा (लॉकसाठी किती वेळा अडलं त्याचा) मोठा आकडा बघून त्या लॉकमागे लागतात. माझ्या यादीत त्या रकान्यात सगळ्यात वर कर्नलचेच दुसरे लॉक होते, हजारो वेळा अडलेले पण दर वेळी एखाद-दोन मायक्रोसेकंद. एकूण वेट टाइमचा रकाना बघा, आणि त्याखाली येणारी कॉल करणाऱ्यांची यादी बघा.

म्युटेक्स फोडला. एक हार्डवेअरचा, जो डीएमए इंजिनापुरता, आणि आकडेवारीला वेगळा स्पिनलॉक. कॅट लगेच सुटलं. मग हौस म्हणून आकडेवारीचे काउंटर पर-सीपीयू (दर सीपीयूला वेगळे) केले, अर्धा दिवस घातला, फरक मोजता येण्यासारखा शून्य. सेकंदाला दहा वेळा वाढणाऱ्या काउंटरला कशाला हवंय ते. परत साधा स्पिनलॉक केला.

१४ सप्टेंबर

लॉक स्टॅट चालू करायचं तर लॉकडेपचं यंत्र सोबत येतंच, त्यामुळे सगळंच हळू होतं आणि लहान लॉकचे आकडे फुगतात. खरं मोजमाप साध्या कर्नलवर हवं. ५.१९ पासून कर्नलमध्ये कंटेन्शनचे ट्रेसपॉइंट (घटना नोंदवायच्या जागा) आहेत, त्यावर पर्फ या मोजमापाच्या टूलची 'लॉक कंटेन्शन' कमांड चालते, लॉकडेप लागत नाही.

ऐकायला सोपं. बिझीबॉक्सच्या छोट्या इनिटरॅमएफएसमध्ये (व्हीएमची मोजक्या कमांडची फाइल सिस्टिम) पर्फ चालेना, लायब्रऱ्या नाहीत. डेबियनचा रूटएफएस बनवला. मग बीपीएफचा (कर्नलच्या आत छोटे प्रोग्राम चालवायची सोय) प्रकार चालेना, पर्फ त्या सोयीसह बांधावा लागतो, त्याला क्लँग कंपायलर लागतो. मग कर्नलमध्ये बीटीएफ (बीपीएफला लागणारी कर्नलच्या स्ट्रक्चरची माहिती) नाही. ते चालू केलं तर बिल्ड पाहोलसाठी (ती माहिती बनवणारं टूल) अडला. पाहोल टाकून पुन्हा बिल्ड. शनिवार-रविवार यातच गेला. तुम्ही पहिल्या दिवशीच बीटीएफ चालू ठेवा आणि पर्फ बांधून ठेवा.

पण चालल्यावर मस्त. बी आणि ओ हे दोन ऑप्शन दिले की कोण थांबलं यापेक्षा कोणामुळे थांबले ते येतं, आणि मला तेच हवं होतं. फोडल्यानंतरही वर एकच ओळ होती, हार्डवेअरचा म्युटेक्स, मालक टेस्ट प्रोग्रामच आलटून पालटून. इथे लॉकचा काही दोषच नाही. इंजिन एक, प्रत्येक खेपेला १०० मिलिसेकंद, खेपेत जास्तीत जास्त ४ केबी. म्हणजे सेकंदाला ४० केबी, यापुढे कुठलाही लॉक बदलला तरी जाता येणार नाही. आरडब्ल्यू सेमाफोर लाव, लॉकलेस कर असे सल्ले मिळाले, सगळे ऐकून सोडून दिले.

२१ सप्टेंबर

पण आमच्या विनंत्या ४ केबीच्या नसतातच, ५१२ बाइटच्या असतात. आणि एज्यु वेळ खेपेचा लावतं, बाइटचा नाही. मग आठ विनंत्या आठ वेळा का पाठवायच्या.

आता आयओक्टल हार्डवेअरला हात लावत नाही. विनंती एका यादीत टाकतो, यादीला एक स्पिनलॉक, आणि स्वतःच्या कम्प्लीशनवर झोपतो, हातात एकही लॉक न ठेवता. एकच वर्कर आहे, तो स्पिनलॉक धरून यादीतून ४ केबीत मावतील तेवढ्या विनंत्या आपल्याकडे उचलतो, लॉक सोडतो, एका बफरमध्ये भरून एकदाच डीएमए करतो आणि सगळ्यांना उठवतो. हार्डवेअरचा म्युटेक्स गेलाच, इंजिनाला हात लावणारा एकटा वर्कर उरला.

आठ प्रोसेसनी एकदम मागितलं तर पहिली एकटी जाते, तिच्या १०० मिलिसेकंदात उरलेल्या सात जमा होतात आणि दुसऱ्या खेपेत सगळ्या जातात. सगळ्यात शेवटचा आधी ८०० मिलिसेकंद थांबायचा, आता २००. तोटा एवढाच की एकट्या-दुकट्या विनंतीला वर्कर जागा होण्याचा थोडा वेळ जास्त लागतो. पर्फमध्ये आता आमच्या ड्रायव्हरची ओळ येत नाही.

राहिलेलं काम: अनबाइंड होताना यादीत विनंत्या असतील तर त्यांना कोणी उठवत नाही, त्या तशाच झोपून राहतात. रिमूव्हमध्ये वर्कर थांबवून यादीतल्या प्रत्येकाला 'डिव्हाइस नाही' ही एरर देऊन कम्प्लीट करायचंय, आणि खूण करणं आणि यादीत टाकणं दोन्ही त्याच स्पिनलॉकखाली हवं, नाहीतर मधल्या फटीत एखादी विनंती शिरणारच. क्यूईएमयूच्या मॉनिटरमधून डिव्हाइस_डेल देऊन टेस्ट करणार आहे.